बसलेला आणि बसवलेला मास्क

इकडे बघा मित्रांनो, दाराच्या मागे. रेनकोटच्या शेजारी खिळ्याला लटकलेला आहे तो मी. एक जुना मास्क. पाण्याखाली जाणारी माणसे डोळ्यांवर आणि नाकावर चढवतात तो. सर्दीखोकल्यात तोंडाला बांधतात तो नव्हे. त्याचे आणि माझे फक्त नाव सारखे, नाते काही नाही.

माझी चौकट आता ओरखडली आहे आणि कडेची सिलिकॉनची झालर पार पिवळी पडली आहे. काच मात्र अजून शाबूत आहे. स्वभावाचे विचाराल तर मी जन्माचा काळजीखोर. पण माझे कामच तसे होते. एका बाजूला अख्खे पाणी, दुसऱ्या बाजूला दोन डोळे आणि एक नाक, आणि मध्ये मी एकटा. तुम्हीच सांगा, अशा जागी कोणाच्या जिवाला स्वस्थता मिळेल?

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा मी म्हणजे नुसती लिबलिबीत झालर होतो. मग मला चौकट मिळाली, जाड काच मिळाली, मागे पट्टा लागला. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझी कड बोटावर दुमडून सोडून पाहिली. ती झटक्यात सरळ झाली. "जा बाबा, सांभाळून," असे म्हणून त्यांनी मला खोक्यात घातले. बहुधा सगळ्यांनाच तसे म्हणत असाव्यात, पण मी ते मनावर घेतले.

खोक्यात पडल्या पडल्या मला पहिली काळजी लागली. माझा साचा ज्या चेहऱ्यावरून काढला, तो चेहरा कुणाचाच नव्हता. पुष्कळ चेहरे मोजून त्यांची सरासरी काढली होती. आता सरासरी चेहऱ्याचा माणूस कधी कुणी पाहिला आहे का? कुणाचे नाक बसके, कुणाचे तरतरीत, कुणाचे गाल भरलेले, तर कुणाची गालफडे वर आलेली. या एवढ्या जगात माझा चेहरा मला सापडणार कसा, या विचाराने माझी काच आतून धुरकट व्हायची.

मग मी एका दुकानात आलो. दुकान बंदराच्या रस्त्यावर होते आणि एक काकू ते चालवायच्या. काकू बोलायला फटकळ. गिऱ्हाईक आले की रंग बघायचे. निळा दाखवा, पिवळा दाखवा. काकू म्हणायच्या, "रंग काय बघताय? खाली मासे बघायला येणार आहेत का तुम्हाला?"

त्यांची परीक्षा ठरलेली होती. "पट्टा बाजूला करा. छताकडे बघा. आता मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवा, केस आत अडकू देऊ नका. नाकाने थोडा श्वास ओढा आणि धरून ठेवा. आता मान सरळ करा आणि हात काढा."

हात काढायला कुणी तयार नसे. मला तळहाताने दाबून धरून लोक म्हणायचे, "बसला की, काकू!"

"हात काढा आधी," काकू म्हणायच्या. "हाताने दाबून धरलं तर ताटलीसुद्धा बसते."

हात निघायचा आणि मी खाली यायचो. काकू मला अलगद झेलायच्या. मग गिऱ्हाईक हमखास म्हणायचे, की पट्टा आवळला की होईल सगळे ठीक. त्यावर काकू डोक्याला हात लावायच्या. "पट्टा आवळून मास्क बसवता येतो, बसत नाही. बसणं वेगळं आणि बसवणं वेगळं. जास्त आवळलात तर कड वाकडी होते आणि येत नव्हतं तेही पाणी आत येतं."

तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या कानात बसले. म्हणजे मला कान नाहीत, पण तुम्हाला कळले असेल.

एके दिवशी माझे मालक दुकानात आले. ते बंदरातले पाणबुडे होते. बोटींच्या तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडून काढायचे, पंख्यात गुंतलेले दोर कापायचे, हे त्यांचे काम. उंच, हसरे आणि ओठांवर ही भलीमोठी झुपकेदार मिशी. त्यांनी मला चेहऱ्यावर ठेवले आणि मी हरखलो. कपाळ जुळले, गाल जुळले, नाकाची खोबण अगदी त्यांच्याच नाकासाठी कोरल्यासारखी होती. फक्त खालची कड त्या मिशीत जाऊन पडली. त्यांनी श्वास ओढला, तशी केसाकेसामधून हवा आत आली आणि मी घसरलो.

काकूंनी मला झेलले. "मास्क हवा की मिशी?" त्यांनी विचारले.

मालक तोंड पाडून निघून गेले. झाले, मी मनात म्हटले, माझा चेहरा आला तसा गेला. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडते तोच एक गोरागोमटा ओठ घेऊन ते दारात हजर. काकूसुद्धा क्षणभर ओळखेनात. मला चेहऱ्यावर ठेवले, श्वास ओढला, हात काढला. मी बसलो. काकू त्यांना दुकानभर फिरवत राहिल्या, तरी मी हललो नाही.

घरी गेल्यावर खरी गंमत झाली. त्यांची लेक तेव्हा एवढीशी होती. दारात बिनमिशीचा माणूस पाहून ती आईच्या मागे लपली आणि तिने भोकाड पसरले. "अगं, बाबाच आहेत तुझे!" आई हसून हसून बेजार झाली. "हे नाहीत माझे बाबा," लेक म्हणाली. शेवटी मालकांनी तिला उचलून नेहमीच्या सुरात शीळ घातली, तेव्हा कुठे तिची खात्री पटली. ही गोष्ट त्या घरात मग कितीदा तरी सांगितली गेली. बाबांनी मास्कसाठी मिशी काढली. लेक मोठी झाली ती ही गोष्ट ऐकतच. तिचे हे ऐकणे पुढे कुठवर जाणार आहे, हे मला तेव्हा कळले असते तर मी तिथेच गळून पडलो असतो.

कामाच्या पहिल्याच दिवशी मालक माझ्यावर थुंकले. माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता. नंतर समजले, की थुंकी काचेला आतून चोळून धुतली की काचेवर वाफ धरत नाही. मग मीच त्याची वाट बघू लागलो.

बोटींच्या पोटाखालचे जग फार काळोखे असते, मित्रांनो. वर सूर्य असतो, पण मध्ये अख्खी बोट आडवी. जसजसे खाली जावे तसतसे पाणी मला चेहऱ्यावर दाबत जाई. मालक नाकातून हळूच थोडी हवा माझ्यात सोडत, मग दोघांनाही सैल वाटे. मी प्रत्येक वेळी घाबरत असे. कडेचा एक कोपरा जरी उचलला गेला तरी? पण तो कधी उचलला गेला नाही. वर आल्यावर ते मला गोड्या पाण्याच्या बादलीत बुचकळत, सावलीत वाळवत आणि डबीत असे ठेवत की माझी कड कुठेही दबू नये. दुसरे पाणबुडे मास्क उन्हात टाकून चहाला जात. धक्क्यावर सगळ्यांना माहीत होते, की यांचा मास्क आणि यांची बायको, दोघांना कुणी काही बोलायचे नाही.

अशी बरीच वर्षे गेली. मग एका थंडीत नाक चोंदलेले असताना मालक खाली उतरले. बायको नको म्हणत होती, पण बोट अडली होती. खाली त्यांच्या कानात काहीतरी फाटल्यासारखे झाले आणि ते कळवळले. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "तुमचं पाणी आता आंघोळीपुरतं. तेही कानात बोळा घालून."

मला खिळ्यावर टांगले गेले ते तेव्हा. मालकांची मिशी परत आली. या वेळी ती पांढरी आली. सुट्टीच्या दिवशी ते मला काढून पुसायचे आणि पुन्हा टांगायचे. कधी कधी खिळ्यासमोर नुसतेच उभे राहायचे. मला फार वाईट वाटायचे, पण खरे सांगतो, थोडे सुटल्यासारखेही वाटायचे. आता कुणाच्या डोळ्यांची जबाबदारी माझ्यावर नव्हती.

ते सुख टिकले नाही. लेक मोठी झाली आणि म्हणाली, "बाबा, मी तुमच्यासारखी पाणबुडी होणार." घरात आधी रुसवेफुगवे झाले, मग मालक विरघळले. बंदराच्या प्रशिक्षण केंद्रात तिचे नाव घातले. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी मला खिळ्यावरून काढले, नवा पट्टा लावला आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरले.

"हा घे. माझा आहे. आजपासून तुझा."

तिचे डोळे भरून आले. तिने मला चेहऱ्यावर ठेवले, आणि माझ्या काचेत धस्स झाले. कारण तिचा चेहरा आईवर गेला होता. नाक बारीक, गाल आत. डाव्या गालापाशी माझी कड टेकतच नव्हती. तिथून एक काडी सहज आत गेली असती. तिने श्वास ओढला, हात सैल केला आणि मी घसरू लागलो. तिने पटकन मला तळहाताने दाबून धरले.

"बसला?" मालकांनी विचारले.

"बसला ना," लेक म्हणाली.

मित्रांनो, मी बसलो नव्हतो. मला ओरडून सांगायचे होते, की हात काढ पोरी, तो दुकानातल्यासारखा हात काढ. पण मास्कला तोंड नसते. मालक त्या दिवशी धक्क्यावर ज्याला त्याला थांबवून सांगत होते, की माझा मास्क माझ्या पोरीला बसला. आईला तेवढे पटले नव्हते. "तिचा चेहरा माझ्यासारखा आहे हो," ती म्हणाली. "काहीतरीच," मालक म्हणाले, "मी बघितलं ना डोळ्यांनी."

केंद्रातल्या खोल टाकीत शिकवणी सुरू झाली. पहिल्याच बुडीला डाव्या कडेने पाणी आत आले. आधी एक धार, मग डोळ्यांपर्यंत तळे. लेकीने पट्टा आवळला. पाणी जास्त आले. तिने आणखी आवळला. माझी कड मुडपली आणि मी तिच्या कपाळात रुतलो. माझ्यामुळे तिला दुखत होते आणि मला हलताही येत नव्हते.

मास्कमध्ये पाणी आले की ते काढायची एक रीत असते. वरची कड बोटांनी दाबून धरायची, मान थोडी वर करायची आणि नाकाने जोरात हवा सोडायची. पाणी खालून निघून जाते. बाकीच्यांना ते अधूनमधून करावे लागे. लेकीला सतत करावे लागे, आणि करून करून ती त्यात इतकी तरबेज झाली की शिकवणाऱ्या मॅडमनी सगळ्यांसमोर तिचे कौतुक केले. "मास्क रिकामा कसा करायचा, ते हिच्याकडून शिका." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते कौतुक ऐकून माझा जीव अर्धा झाला.

मॅडम हुशार होत्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारले, "पण इतकं पाणी येतं तरी कुठून?"

"मी हसते ना, मॅडम," लेक म्हणाली. "मासे बघितले की हसू येतं."

हे अगदीच खोटे नव्हते. हसल्यावर गाल वर जातात आणि कड सुटते. मॅडम म्हणाल्या, "दात दाखवायचे ते वर येऊन दाखव," आणि विषय तिथेच संपला. टाकीत मासे नसतात, हे मॅडमच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले होते, पण माझा काय उपयोग?

मग खऱ्या बंदरात उतरायचा दिवस आला. एका बोटीच्या पंख्यात दोर अडकला होता, तो कापायचा. लेक पुढे आणि मॅडम तिच्या मागे. वर धक्क्यावरच्या कट्ट्यावर मालक बसले होते, मिशी पिळत. उतरण्यापूर्वी तिने पट्टा पुन्हा एकदा आवळला आणि त्यांना हात केला.

बोटीखाली पाणी गढूळ होते. एका हातात सुरी, एका हातात दोर. डावी कड सुटली आणि पाणी आत येऊ लागले. एरवी तिने ते लगेच काढले असते, पण हात मोकळे नव्हते. पाणी नाकाच्या खोबणीत चढले, मग डोळ्यांवर आले. तिने मान वर केली, तर वर पाणी नव्हते, बोटीचा तळ होता. डोके त्यावर आपटले. ती दचकली आणि तिने तोंडातल्या हवेच्या नळीऐवजी नाकाने श्वास घेतला.

पुढचे मला नीट आठवत नाही. खोकला, बुडबुडे, सुटलेली सुरी. ती सैरावैरा हात मारत होती. मी तिच्या चेहऱ्यावर होतो आणि तिला माझ्यातून काहीही दिसत नव्हते. मग मॅडमचा हात आला. त्यांनी तिच्या पाठीवरचा पट्टा पकडला, तोंडातली हवेची नळी घट्ट दाबून धरली, तिला बोटीखालून बाजूला ओढले आणि हळूहळू वर आणले. घाईने वर आणले तर छातीला इजा होते, म्हणून हळूहळू. तो हळूहळूपणा मला सोसवत नव्हता.

वर आल्यावर लेक खोकत खोकत म्हणाली, "काही नाही, मॅडम. हसू आलं."

"बोटीच्या पोटाखाली कोण हसतं गं?" मॅडम म्हणाल्या.

मालक कट्ट्यावरून खाली आले होते. ते फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मास्क काढल्यावर चेहऱ्यावर वळ राहतो. बसलेला मास्क असेल तर कपाळापासून ओठापर्यंत सगळीकडे सारखी, फिकट रेघ. लेकीच्या कपाळावर लालभडक खोल वळ होता, आणि डाव्या गालावर काहीच नव्हते. पाणबुड्याला आणखी सांगायला काय हवे?

घरी आल्यावर त्यांनी तिला खिडकीपाशी खुर्चीवर बसवले. माझा पट्टा बाजूला केला. "छताकडे बघ," ते म्हणाले. मला तिच्या चेहऱ्यावर ठेवले. "श्वास ओढ."

तिने ओढला आणि तिचा हात आपोआप वर आला. मालकांनी तो हळूच धरला आणि खाली नेला.

"मान सरळ कर."

मी पडलो. थेट मालकांच्या तळहातावर पडलो, कारण तो त्यांनी आधीच खाली धरून ठेवला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हायसे वाटले.

"कधीपासून?" मालकांनी विचारले.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलली नाहीस?"

लेक रडू लागली. "याच्यासाठी तुम्ही मिशी काढली होती, बाबा. मला साधा एक पट्टा आवळता येऊ नये?"

मालक खाली बसले. दाराशी आई पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती.

"मिशी परत येते गं," मालक म्हणाले. "तू खाली राहिली असतीस तर?"

दुसऱ्या दिवशी ते मला पिशवीत घालून लेकीबरोबर दुकानात गेले. काकू आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण जीभ तशीच. "मिशी परत ठेवलीत वाटतं," त्या म्हणाल्या. मग एकेक मास्क निघाले. एक पडला, दुसरा पडला. तिसरा नाकावर टोचला. एक बरा वाटला, पण त्याची खोबण अशी की नाक चिमटीत धरताच येईना, आणि नाक चिमटीत धरून कानातला दाब काढता आला नाही तर खाली जाऊन उपयोग काय? "बाकी बसलाय तर घेऊ का?" लेक म्हणाली. काकू आणि मालक एकदमच ओरडले, "नाही!"

शेवटी एक लहानसा, काळ्या कडेचा मास्क निघाला. दिसायला अगदी सामान्य. लेकीने तो चेहऱ्यावर ठेवला, श्वास ओढला आणि हात काढला. तो बसला. तिने मान हलवली, खाली वाकली, उडी मारली. तो जागचा हलला नाही. श्वास धरल्यामुळे तिला बोलता येत नव्हते, आणि या वेळी "बसला" म्हणायची गरजही नव्हती. मालक तिच्याकडे बघत होते. पिशवीच्या तोंडातून मला त्यांचा चेहरा दिसत होता. मला थोडे दुखले. खोटे कशाला बोलू?

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. शेजारी दुसरा खिळा ठोकला आहे, तो त्या नव्याचा. लेक कामाला जाते तेव्हा तो खिळा रिकामा असतो आणि माझी काळजी सुरू होते. कड नीट असेल ना? केस अडकला नसेल ना? संध्याकाळी ती येते, नव्याला धुऊन वाळवून टांगते आणि मालक तिचा चेहरा उजेडाकडे वळवून बघतात. सगळीकडे सारखी, फिकट रेघ. मग ते जेवायला बसतात आणि मीही निश्चिंत होतो, उद्या सकाळपर्यंत.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी वस्तू असेल. तिला उन्हात टाकू नका, दाबून कोंबून ठेवू नका, वापरून झाली की धुवा. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. फार प्रेमाने दिलेली वस्तू बसत नसेल, तर तिला आवळून बसवू नका. आणि तुम्ही देणारे असाल, तर "बसला ना" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. हात काढायला सांगा. मी पडलो तर पडू द्या, मला राग येणार नाही. फक्त खाली आधीच एक तळहात धरून ठेवा.